दुसरा ठोका

पत्रूजी मेश्राम यांच्याविषयी कागदावर चार ओळी आहेत. चौकशीच्या एका फाइलमध्ये त्या लागलेल्या आहेत. अक्षर माझं, खाली सही माझी. त्यापलीकडे त्या फाइलमध्ये त्यांच्याबद्दल काही लिहिलेलं नाही. त्या चार ओळींतले पत्रूजी आणि मी रोज पाहिलेले पत्रूजी यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. मी आता त्र्याहत्तर वर्षांचा आहे. आणखी थांबलो तर त्या चार ओळीच उरतील.

चंद्रपूरपासून तासाभरावर, जंगलाला लागून, एका वीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं. मी पाइपलाइनच्या कामाचा इंजिनिअर होतो आणि पत्रूजी कॉम्प्रेसरवर. ते चामोर्शीकडच्या एका खेड्यातले. बेताची उंची, खांद्यावर धुऊन धुऊन विरलेला दुपट्टा, आणि मान नेहमी डावीकडे किंचित कललेली, कुणी हळू आवाजात काही सांगत असावं तशी. सकाळी भेटले की "जयभीम साहेब" म्हणायचे आणि लगेच माझ्या मागे कुठेतरी कान लावायचे. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. माणूस आपल्याशी बोलतोय की आपल्या पाठीमागच्या कुणाशी, हे कळायचं नाही.

साइटवर सगळ्यांच्याच तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा असायचा. पत्रूजींच्याही. पण काही ऐकायचं असलं की ते खर्रा तोंडातून काढायचे, प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळायचे आणि खिशात ठेवायचे.

"जबडा चालला का कान बंद होते, साहेब. एका टायमाले एकच काम."

त्यांचा खर्रा बाहेर आला की आजूबाजूचे लोक आपोआप गप्प व्हायचे. वेल्डर युसूफभाई तर हातातलं काम खाली ठेवायचा. "बुढा सुन रहा है," म्हणायचा, "अब भगवान भी बोले तो रुकना पडेगा."

उघड्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, हा त्यांचा दुसरा नेम. पाइपाचं तोंड, नळाचं तोंड, चहाच्या किटलीचं तोंड, सगळ्यांना तोच नियम. चहा घ्यायलाही ते बाजूने यायचे. दारातही कधी मधोमध उभे राहिले नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तोंडातून काय निंगन सांगता येत नाई जी. आन मोठ्या साहेबाच्या तोंडासमोर त बिलकुलच नाई उभं राहाव." आणि स्वतःच इतके हसले की डोळे पुसावे लागले.

आमचं काम काय होतं ते थोडक्यात सांगतो. नव्या पाइपलाइनमध्ये गंज, माती आणि वेल्डिंगचे तुकडे राहतात. ते बाहेर काढायला पाइपाच्या उघड्या तोंडावर जाड पुठ्ठ्याचे थर घट्ट आवळतात. दुसऱ्या टोकाकडून कॉम्प्रेसरने हवा भरत जातात. दाब वाढत वाढत एका क्षणी पुठ्ठा फाटतो आणि कोंडलेली हवा आतली सगळी घाण घेऊन बाहेर झेपावते. त्या आवाजाने आजूबाजूच्या गावांतली गुरं दावं तोडायची. एकेका लाइनला असे दहा-पंधरा धमाके करावे लागत.

मी तिथे नवीन असताना एका सकाळी हवा भरणं चालू होतं. दाबाचं गेज दोन किलो दाखवत होतं. पत्रूजींनी खर्रा काढला, एका जोडातून बारीक हवा गळत होती तिकडे कान केला आणि कुणालाही न विचारता कॉम्प्रेसर बंद केला.

मी ओरडलो, "कोणी सांगितलं बंद करायला?"

"शीळ जाड झाली, साहेब. दोन किलोची शीळ इतली जाड नसते. चाराच्या वर गेलं हाये आत."

"गेज काय दाखवतंय?"

"गेज झोपलं हाये."

मी दुसरं गेज लावून पाहिलं. साडेचार होते. पुठ्ठ्यापाशी तेव्हा तीन माणसं काम करत होती. त्या संध्याकाळी मी साइटच्या नोंदवहीत लिहिलं की पत्रूजी मेश्राम यांचा कान गेजपेक्षा विश्वासाचा आहे, आणि त्यांना हेल्परवरून ऑपरेटर करावं. मोठ्या साहेबांशी भांडून करूनही घेतलं. पत्रूजींनी ते पान मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाले, "कान हाये हे मायी बायको मनते. पन लिवून कोनीच नवतं देल्लं." त्या दिवसापासून माझा शब्द त्यांच्यासाठी शेवटचा झाला. हे लक्षात ठेवावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत. मी जे कॉलेजात गणितं करून शिकलो ते त्यांना कानाने माहीत होतं. ते म्हणायचे, हवेत सदा खबर फिरत असते. आवाज म्हणजे ती खबर. माणूस चालत आला, सायकल आली, पंखा फिरला, तर पुढच्या हवेला आधीच खबर लागते आणि ती बाजूला सरकून वाट देते. म्हणून हळू येणाऱ्याला हवा आडवी येत नाही. वेग वाढत गेला की खबर आणि येणारा यांच्यातलं अंतर कमी होत जातं. आवाजाच्या बरोबरीला आला की दोघे एकाच दारात अडकतात. तिथे हवा थरथरते, पाइप अंगात आल्यासारखा हलतो. आणि त्याच्याही पुढे गेला की खबर मागे राहते.

"मंग समोरच्याले मालूमच नाई का कोनी येऊन राह्यलं. एकदमच अंगावर. धमाका जो ऐकू येते ना साहेब, ती मांगून आलेली खबर असते. शिळी खबर."

बाहेरगावचे एक तज्ज्ञ पाहणीला आले होते, तेव्हा पत्रूजींनी त्यांना अंबाडीच्या वाखाचा आसूड फोडून दाखवला. बंदुकीसारखा आवाज झाला.

"कशावर मारला?" तज्ज्ञांनी विचारलं.

"कशावरच नाई जी. टोक खबरीच्या पुढं गेलं." आणि मग अगदी गंभीरपणे, "माहा बाप हजार खेपा आसूड फोडे, बैलाले एकदाही नाई लागला. बैलाले मालूम होतं, आवाज आला मंजे आपन वाचलो."

एक गोष्ट मात्र ते हसून सांगत नसत. पाइपाच्या तोंडाला आम्ही पुढे रुंद होत जाणारा कर्णा जोडला होता. सगळ्यांना वाटलं, जागा रुंद झाली की हवा दमेल, जसं नदीचं पाणी पसरट पात्रात संथ होतं. झालं उलट. आवाजापेक्षा हळू असते तोवर हवा अरुंद जागेत पळते आणि रुंद जागेत मंदावते. आवाज ओलांडला की रुंद जागेत ती आणखी पिसाळते. थंडीतल्या एका सकाळी आम्ही कर्ण्यासमोर ते पाहिलं. एवढ्या वेगाने हवा फाडत जाणाऱ्या झोतात पांढऱ्या धुक्याचे मणी ओवल्यासारखे दिसत होते, आणि ते मणी हलत नव्हते. जागच्या जागी स्थिर. युसूफभाईने कानाला हात लावले. पत्रूजी बराच वेळ पाहत राहिले.

"उलट्या पावलाची झाली हवा, हडळीसारखी," ते म्हणाले.

मला शास्त्र माहीत होतं, तरीही माझ्या अंगावर काटा आला.

एकदा पहाटे आम्ही दोघे माझ्या मोटरसायकलवर मोहर्लीच्या रस्त्याने येत होतो. मध्येच त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गाडी बंद करा." मी बंद केली. त्यांनी खर्रा काढला. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

"काय आहे?"

"तेच त. काईच नाई. वांदरं नाई, पाखरं नाई. खबर बंद झाली."

पाच मिनिटं आम्ही तसेच उभे होतो. दोन्ही बाजूंना सागाची मोठी पानं लोंबत होती आणि एकही हलत नव्हतं. मग दूर कुठेतरी वानर खाकरलं. पत्रूजींनी श्वास सोडला, "चला." दुपारी त्याच रस्त्याने परत आलो तेव्हा धुळीत आमच्या टायरची सकाळची रेघ तशीच होती. त्या रेघेवर, आम्ही थांबलो होतो त्याच्या वीस पावलं मागे, वाघाचे पंजे उमटलेले होते. म्हणजे तो आमच्यानंतर, आमच्या पाठीमागून गेला होता. पत्रूजी खाली वाकून म्हणाले, "पाहा, याले खबरीच्या आंदी येता येते."

म्हणूनच बहुधा त्यांनी ती ठोक्यांची रीत घालून दिली. कॉम्प्रेसर एका टोकाला, पुठ्ठा दुसऱ्या टोकाला, मध्ये साडेतीनशे मीटर. वॉकीटॉकी होते, पण त्यावर पत्रूजींचा भरवसा नव्हता. "त्या डब्ब्यात कोनीही बोलते." शेवटची हवा भरण्याआधी ते कॉम्प्रेसर बंद करायचे आणि पाइपावर हातोडीने तीन ठोके द्यायचे. म्हणजे, भरू का? तोंडाकडच्या माणसाने पुढे टेकाडापर्यंत जायचं, पलीकडे कुणी नाही हे डोळ्यांनी पाहायचं, परत यायचं आणि उत्तर द्यायचं. दोन ठोके म्हणजे साफ आहे, सोडा. एक ठोका म्हणजे थांबा.

"येनारी हवा खबर देत नाई, साहेब. मंग आपनच द्याव लागते."

यातली एक गंमत त्यांनीच मला शिकवली. लांब पाइपाला कान लावून ऐकलं, तर पलीकडच्या एका ठोक्याचे दोन आवाज येतात. एक लोखंडातून, जवळपास तेव्हाच. दुसरा हवेतून, एक सेकंद मागून. लोखंडातला कोरडा, टणक. हवेतला पोकळ, विहिरीतून आल्यासारखा. "एक ठोकला त दोन येते. दोन ठोकले त चार. नवा मानूस यात फसते. मनून मी लोखंडाचेच मोजतो, हवेचे सोडून देतो."

आता ती सकाळ.

मोहाची फुलं गळायचे दिवस होते. त्या लाइनचे दहा धमाके झाले होते, अकरावा शेवटचा. दहा वाजता वरचे साहेब पाहायला येणार होते. तोंडाकडे मी होतो. पाइपाच्या तोंडासमोर मोकळी जागा, मग टेकाड, मग आमचं तात्पुरतं कुंपण आणि पलीकडे मोहाची झाडं. तीन ठोके आले. दहा वेळा मी टेकाडापर्यंत जाऊन आलो होतो आणि दहाही वेळा तिथे कुणी नव्हतं. अकराव्यांदा मी गेलो नाही.

एवढंच असतं तर त्याला चूक म्हणता आलं असतं. पण मी उभा होतो तिथून टेकाडाच्या कडेला एक टोपली दिसत होती. मोह वेचायची टोपली. ती माणसाशिवाय जंगलात येत नाही, हे मला कळत होतं. मला वाटलं, कालची असेल, कुणी विसरून गेलं असेल. मी हातोडी उचलली आणि दोन ठोके दिले.

पुठ्ठा फाटला. बोराएवढा वेल्डिंगचा एक तुकडा टेकाडावरून गेला आणि मोहाखाली वाकलेल्या रुखमाबाईंना लागला. त्या शेजारच्या पाड्यावरच्या होत्या. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आम्ही टेकाडापलीकडे पोचलो तेव्हा त्यांची सून त्यांच्याजवळ बसून सांडलेली फुलं टोपलीत भरत होती. एकेक फूल पुसून टाकत होती. तिला थांबवायचं कुणालाच सुचलं नाही.

चौकशी साइट ऑफिसातच झाली. तीन जण टेबलामागे बसले होते. मला माझ्या बयाणात काय घडलं ते लिहायचं होतं. मी आदल्या संध्याकाळी लिहायला बसलो तेव्हा खरंच लिहिणार होतो. दुसऱ्या ओळीवर पेन थांबलं. निवृत्तीला तीन वर्षं होती. मग पत्रूजींनी शिकवलेली ती गंमत मला आठवली आणि मी त्या चार ओळी लिहिल्या. मी एकच ठोका दिला होता. एक ठोका म्हणजे थांबा. लांब पाइपमध्ये एका ठोक्याचे दोन आवाज ऐकू येतात, लोखंडातून आणि हवेतून. ऑपरेटरने ते दोन ठोके समजून हवा सोडली.

शास्त्राच्या दृष्टीने त्यात काहीही चुकीचं नव्हतं. म्हणूनच ते सगळ्यांना पटलं.

पत्रूजींना बोलावलं. ते नेहमीसारखे टेबलाच्या बाजूला उभे राहिले. एकाने सांगितलं, समोर या. ते समोर आले.

"तुम्हाला किती ठोके ऐकू आले?"

"चार, साहेब."

टेबलामागचा एक जण हसला. "एकाचे चार?"

"दोन लोखंडाचे, दोन हवेचे. मंजे दोन ठोकले."

"साहेब म्हणतात त्यांनी एकच ठोकला."

पत्रूजींनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या कागदाकडे पाहत होतो. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग ते अगदी समजुतीच्या सुरात, जणू मलाच धीर देत आहेत अशा सुरात म्हणाले, "साहेब एक मनते त एकच असन. साहेब खोटं नाई बोलत. मायाच कानाचं काई झालं असन."

त्यांना काढून टाकलं. पुढे कुठल्याही साइटने त्यांना घेतलं नाही, कारण नाव आधी पोचायचं. जाताना त्यांनी हातोडी धुऊन, पुसून माझ्या टेबलावर आणून ठेवली. माझी नोकरी राहिली. मी वेळेवर निवृत्त झालो आणि चंद्रपुरात घर घेतलं.

त्यानंतर त्यांच्याविषयी जे कळत गेलं ते तुकड्यातुकड्यांनी. कुणी सांगायचं, पत्रू मेश्राम हातपंपाच्या दांड्यावर ठोकून कान लावून बसतो. कुणी सांगायचं, रेल्वेच्या रुळावर बसलेला पाहिला. पुलाच्या कठड्यावर, शाळेच्या फाटकावर, जिथे लांब लोखंड दिसेल तिथे तीन ठोके द्यायचे आणि थांबायचं. त्यांच्या गावाकडच्या बाया तिन्हीसांजेला तो टंग टंग ऐकू आला की लेकरांना आत घ्यायच्या. ते आपल्या कानाची परीक्षा घेत असतील, असं मला वाटायचं. वाटायचं आणि मी दुसरा विषय काढायचो.

यंदा युसूफभाई भेटला. त्याचं आता चंद्रपुरात ग्रिलचं दुकान आहे. माझ्या घराचं फाटक दुरुस्त करायला आला होता. काम करता करता म्हणाला, "साहब, पत्रूभाऊ को देखा मैंने. बिलकुल बहरा हो गया है. लेकिन अब भी ठोकता है."

"कान तपासत असेल," मी म्हणालो.

"कान का सवाल तो कब का खतम हो गया." त्याने वेल्डिंगची काच वर केली. "वो रुखमाबाई की सून थी ना? दो-तीन साल पहले बाजारात भेटली त्याला. तिने सांगितलं, काका, त्या दिवशी आमी पन ऐकलं. सासूनं मान वर केली होती, मने कोन ठोकून राह्यलं गा? दोन ठोके होते. दो, साहब. तिला कोणी विचारलंच नव्हतं."

मी फाटकाची कडी चाचपून पाहिली.

"मैंने पत्रूभाऊ से कहा, मतलब तुम्हारा कान सही था. खुश हो जाओ. तो पता है क्या बोला? बोला, साहेबानं एक ठोकला. पोरीनं दोन ऐकले, म्या दोन ऐकले. मंग युसूफ, दुसरा कोनाचा होता?" युसूफभाईने खांदे उडवले, पण माझ्याकडे पाहिलं नाही. "उसीको ढूंढ रहा है. दुसरा ठोकणाऱ्याला. मनते, थो अजून पाइपाच्या दुसऱ्या टोकाले बसला हाये."

फाटक दुरुस्त झालं होतं. त्याने काच खाली ओढली आणि पुन्हा एकदा उगीचच त्याच जोडावर ठिणग्या उडवल्या.

मी नवं बयाण लिहिलं. एक प्रत जिथे पाठवायची तिथे पाठवली, दुसरी घेऊन एसटीने चामोर्शीला उतरलो आणि ऑटोने त्यांच्या गावी गेलो. पुन्हा मोहाचेच दिवस होते. अंगणात चटईवर फुलं वाळत होती. पत्रूजींच्या पत्नी जनाबाई दारात बसल्या होत्या, दाराच्या मधोमध नाही, एका बाजूला.

"तुमी ते साहेब," त्या म्हणाल्या. विचारलं नाही. "यायले लई वर्षं लागले."

मी कागद पुढे केला. त्यात काय आहे ते सांगितलं. दोन ठोके मीच दिले होते, हे मी पहिल्यांदा दुसऱ्या माणसासमोर तोंडाने बोललो. जनाबाईंनी फुलांवरची माशी हाकलली.

"आंदीचा कागद कोनी लिवला होता?"

"मीच."

"मंग कागदाचं नाव नका काढू त्यायच्यासमोर. ते आता कागदाले हात नाई लावत."

"मग मी सांगतो. मोठ्याने बोलतो."

"ऐकाले येत नाई त्यायले. ढग गरजला तरी नाई. फक्त लोखंड ऐकू येते, दातानं." त्या उठल्या आणि माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "बोलाचं असन त दुसऱ्या टोकाले जा."

गावाबाहेर उपसा सिंचनाची जुनी पाइपलाइन आहे. नदीपासून वर शेतांपर्यंत, सिमेंटच्या ठोकळ्यांवरून गेलेला, जोडून एकसंध केलेला लोखंडी पाइप. कित्येक वर्षं त्यातून पाणी गेलेलं नाही. नदीकडच्या टोकाला पत्रूजी बसलेले होते. मी त्यांना दुरून पाहिलं. खूप लहान झाले होते. दुपट्टा तसाच होता. पाइपाच्या तोंडाच्या बाजूला, समोर नाही, मांडी घालून, लोखंडाला दात टेकवून. हातात दगड. त्यांनी मला पाहिलं नाही.

मी बांधाबांधाने वरच्या टोकाला गेलो. गुडघ्यांनी मध्येच दोनदा बसायला लावलं. दुपारची वेळ होती. वारा पडलेला. पाखरंही बोलत नव्हती, आणि मला मोहर्लीचा रस्ता आठवला. मी पाइपाशी वाकलो, कान लावला. लोखंड तापलेलं होतं.

तीन ठोके आले.

त्यांना उत्तराची अपेक्षा होती की नाही, कोण जाणे. एवढ्या वर्षांत कुणीच दिलं नव्हतं. मी एक दगड शोधला. मग मी दोन ठोके दिले. त्या सकाळी दिले होते तसेच, घाईघाईने, एकाला लागून एक.

खाली पत्रूजींनी डोकं उचललं. ते उभे राहिले आणि पाइपाच्या रेघेवरून वर पाहू लागले. तिथून त्यांना माझा चेहरा दिसणं शक्य नव्हतं. पण टोकाशी कुणीतरी आहे, उभं आहे, पँट-शर्टातला उंच म्हातारा आहे, एवढं दिसलं असणार. मी दगड धरलेला हात वर केला. ते किती तरी वेळ पाहत राहिले. मग त्यांनी तोंडातलं काहीतरी काढून खिशात ठेवलं. ती हालचाल मी कुठूनही ओळखली असती. मी वाट पाहिली. ते चालत वर येतील असं मला वाटलं, आणि आले तर काय बोलायचं, तेही ऐकू न येणाऱ्या माणसाशी, याची मी मनात जुळवाजुळव करत होतो.

ते आले नाहीत. ते वाकले. मी पटकन पाइपाला कान लावला.

एकच ठोका आला. कोरडा, टणक. थांबा.

एक सेकंद गेला आणि तोच ठोका पुन्हा आला, या वेळी हवेतून, पोकळ, विहिरीतून आल्यासारखा. मी मान वर केली तोवर पत्रूजी पाठ फिरवून गावाकडे निघाले होते. दगड त्यांनी पाइपावर ठेवून दिला होता. मान सरळ होती, डावीकडे कललेली नव्हती.

ते झाडांआड होईपर्यंत मी पाहत राहिलो. एकाच ठोक्याचे ते दोन आवाज माझ्या कानात तसेच होते. त्यांत कुणाचीही फसगत होणं शक्य नव्हतं. माझ्यासारख्याचीही झाली नाही.